आधी मोजा, मग खोला

जुन्या डिझेल ट्रकच्या ऑइल प्रेशरचा काटा विचित्र वागू लागला की आपल्याकडे सहसा दोनपैकी एक गोष्ट घडते. मालक हबकतो, मिस्त्री इंजिनाखालचे तेलाचे चेंबर खोलतो, मेन आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे, ऑइल पंप, पॅकिंग असे सगळे नवे टाकून गाडी बाहेर पडते आणि काटा होता तिथेच असतो. नाहीतर ड्रायव्हर 'मीटरच बाद आहे' म्हणून त्याच्याकडे पाहणे सोडून देतो आणि एखाद्या रात्री भरल्या गाडीचे इंजिन जाम होते. पहिल्या प्रकारात पैसा हकनाक जातो, दुसऱ्यात क्रँकशाफ्ट. दोन्हीकडे राहून गेलेले काम मात्र एकच असते. इंजिनातला खरा दाब किती आहे, हे वेगळे गेज लावून कोणी पाहिलेलेच नसते. गाडी गरम असेल तर या कामाला अर्धा तास पुरतो. ते केल्याशिवाय जुन्या ट्रकच्या इंजिनाला पाना लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विषय संपादकीयात कशाला, असे कोणी विचारील. ज्याच्या नावावर एक किंवा दोनच गाड्या आहेत, त्याच्या घरात हा प्रश्न फार मोठा असतो. गाडी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हातची असते. आठ वर्षे उलटलेल्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावे लागते, विमा आणि टायर चुकत नाहीत, आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तरी हप्त्याची तारीख थांबत नाही. अशा माणसाने निव्वळ अंदाजावर इंजिन काम काढणे म्हणजे हंगामाची कमाई पणाला लावणे आहे.

मुळात हा दाब कुठून येतो, ते नीट समजून घेतले पाहिजे. ऑइल पंप दाब तयार करत नाही. तो प्रत्येक फेऱ्याला ठरावीक तेल पुढे ढकलतो, एवढेच. त्या तेलाला बेअरिंगच्या अरुंद फटींतून वाट काढताना जो अडथळा होतो, तो काट्यावर दाब म्हणून दिसतो. शेतात पाणी देताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडते आणि अंगठा काढला की जोर ओसरतो, तसाच हा मामला आहे. म्हणून दाब तीन गोष्टींवर हलतो: पंप किती वेगाने फिरतो, तेल किती घट्ट आहे आणि फटी किती रुंद आहेत. फटीचे गणित तर फारच कडक आहे. अरुंद फटीतून वाहणारे तेल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. बेअरिंगमधली फट दुप्पट झाली तर त्याच दाबाला तिथून आठपट तेल निसटते. बरीच वर्षे बिनबोभाट चाललेले इंजिन शेवटच्या टप्प्यात भराभर दाब सोडू लागते, त्याचे कारण इथे आहे.

आता तेलाच्या घट्टपणाकडे पाहू. १५डब्ल्यू-४० हे आपल्या ट्रकांत सर्रास पडणारे तेल. ४० अंश सेल्सिअसला ते जेवढे घट्ट असते त्याच्या साधारण सातव्या हिश्शाइतकेच १०० अंशांना उरते. सकाळी गाडी चालू केल्यावर काटा दर चौरस सेंटिमीटरला चार किलोच्या वर चढतो आणि तीच गाडी कसारा घाट चढून टोलच्या रांगेत घरघरत उभी राहिली की काटा एक किलोपर्यंत उतरतो. या दोन्ही गोष्टी निरोगी इंजिनात घडतात. काटा दिवसभर मधोमध उभा राहिला पाहिजे, हा समज ड्रायव्हर मंडळींत घट्ट बसला आहे आणि निम्मी घबराट त्यातून जन्मते.

मग किमान किती हवा? एक ठोस उदाहरण घेऊ. टाटा आणि कमिन्स यांची भागीदारी १९९३ मध्ये झाली. जमशेदपूरच्या त्यांच्या कारखान्यातून आलेले बी मालिकेचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन आपल्या रस्त्यांवरच्या असंख्य टाटा ट्रकांत बसलेले आहे. पुढे आपल्या सातारा जिल्ह्यात फलटणलाही टाटा कमिन्सचा कारखाना उभा राहिला. याच घराण्याचे इंजिन अमेरिकेत १९८९ पासून डॉजच्या पिकअप ट्रकमध्ये आले, त्यामुळे त्याच्या खोडी जगभरच्या मिस्त्र्यांना तोंडपाठ आहेत. या इंजिनासाठी कमिन्सने सांगितलेली किमान मर्यादा अशी आहे: गरम इंजिन, आयडलिंगला ०.७ किलो, आणि पूर्ण वेगात २.१ किलो. दाब वाढत जाऊन साधारण साडेचार किलोला पोहोचला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचे तेल परत चेंबरमध्ये सोडतो. म्हणजे टोलच्या रांगेत एक किलो दाखवणारे हे इंजिन कंपनीच्या हिशेबाने सुरक्षित आहे. दुसऱ्या इंजिनांचे आकडे वेगळे असतील. ते त्या गाडीच्या पुस्तकात पाहावेत, शेजारच्या ड्रायव्हरला विचारून ठरवू नयेत.

काट्यापर्यंत निरोप कसा पोहोचतो, हेही पाहायला हवे. जुन्या गाड्यांत इंजिनातल्या तेलाच्या वाटेतून, म्हणजे गॅलरीतून, एक बारीक नळी थेट डॅशबोर्डापर्यंत येते आणि गेजच्या आत वाकवलेली चपटी नळी दाबाने सरळ होऊ पाहते. तिच्या टोकाला काटा जोडलेला असतो. युजीन बूर्दों या फ्रेंच कारागिराने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती आजही तितकीच भरवशाची आहे. हिचे दुखणे एवढेच की नळी हादऱ्यांनी चिरते, केबिनमध्ये तेल ठिबकते, किंवा आत गाळ साचला की काटा सुस्तावतो. नंतरच्या गाड्यांत नळीच्या जागी वायर आली. ब्लॉकवर बसवलेला सेन्सर दाबाप्रमाणे आपला विद्युत रोध बदलतो आणि गेज त्यावरून काटा हलवते. याखेरीज बहुतेक गाड्यांत लाल दिव्याचा स्विच निराळा असतो आणि तो दाब अगदी तळाला गेल्यावरच दिवा पेटवतो. म्हणजे डॅशबोर्डावर दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत. काटा शून्यावर आणि दिवा विझलेला, असे दिसले तर दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे, आणि ते कोण हे शोधेपर्यंत इंजिन चालू ठेवण्यात शहाणपण नाही. किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू होण्याआधी तो दिवा पेटतो का, हे ड्रायव्हरने रोज पाहावे. बल्ब गेलेला असेल तर हा साक्षीदार मुकाच आहे.

आमच्या मते विचित्र रीडिंगचा शोध सेन्सरच्या जागेपासून सुरू व्हायला हवा. तिथे गळती थांबवण्यासाठी आटोपशीर हाताने गुंडाळलेली पांढरी टेफ्लॉन टेप दिसली, तर तिथेच थांबा. एका वायरचा सेन्सर आपले अर्थिंग आट्यांमधून, थेट ब्लॉकच्या लोखंडातून घेतो. टेपने ती वाट अडली की काटा थरथरतो, अर्धवट चढतो किंवा मनाला येईल तसा वागतो. सेन्सर काढा, आटे वायर ब्रशने घासून लख्ख करा, टेपऐवजी तांब्याचा वॉशर टाका आणि पुन्हा पाहा. चेंबर उघडून आठवडा घालवण्याआधी एवढे करून पाहणे अजिबात कठीण नाही.

दुसरी खूण रात्री सापडते. हेडलाइट लावला, वायपर चालू केला किंवा हॉर्न दाबला आणि त्या क्षणी ऑइलचा काटा हलला, तर दोष विजेचा आहे. इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा सैल झालेली असते. ती काढून, दोन्ही टोके घासून, घट्ट बसवली की अर्धे प्रश्न मिटतात. डिझेल, तापमान आणि ऑइल असे तिन्ही काटे एकदम वर चढले किंवा एकदम खाली बसले, तर गेजना वीजपुरवठा करणारी सामाईक वायर, फ्यूज किंवा जुन्या गाड्यांतला व्होल्टेज स्टॅबिलायझर तपासावा. वायर ठीक आहे का हे पाहण्याची वायरमनची रीत सोपी आहे. किल्ली चालू ठेवून सेन्सरची वायर काढायची, काटा एका टोकाला गेला पाहिजे. तीच वायर क्षणभर ब्लॉकला टेकवायची, काटा दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. कोणत्या टोकाला, हे गेजच्या जातीवर ठरते. ज्या सेन्सरचा रोध दाबाबरोबर वाढतो, त्यात तुटलेली वायर काटा पूर्ण वर नेते, आणि ज्याचा रोध दाबाबरोबर घटतो त्यात तीच तुटलेली वायर काटा शून्यावर आणते. म्हणून बाजारातून 'कुठलाही चालेल' म्हणून आणलेला सेन्सर जुन्या गेजला जोडला की काटा आयुष्यभर खोटे सांगत राहतो. मालकाने बिलावर गाडीचे मॉडेल लिहून घेऊनच सेन्सर विकत घ्यावा.

स्थिर काट्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. अमेरिकेत फोर्डच्या अनेक पिकअप ट्रकांत, त्यात ७.३ लिटरची डिझेलही आली, काट्यामागे मोजणारा सेन्सर नसून साधा स्विच दिला गेला. थोडासा दाब असला तरी काटा मध्यावर जाऊन उभा राहतो आणि पुढे दाब निम्मा झाला तरी जागचा हलत नाही. काटा शांत राहिला की तक्रारी येत नाहीत, हे खरे. पण ज्या यंत्राचे काम इशारा देणे आहे, त्याला असे गप्प बसवणे आम्हाला मुळीच पटत नाही. हलणारा काटा गाडीवाल्याला समजावून सांगणे हाच सरळ मार्ग होता.

वायरिंग स्वच्छ निघाली, तरी शंका उरली, की मग खरे मोजमाप करायचे. सेन्सर काढून त्या आट्यांत मास्टर गेजची, म्हणजे तपासणीसाठीच्या वेगळ्या गेजची, नळी बसवायची, बरोबर मापाच्या अडॅप्टरने, कारण चुकीचे आटे जबरदस्तीने पिळले तर ब्लॉकचे नुकसान होते. गाडी चांगली गरम व्हायला हवी. नुसती उभ्या-उभ्या दहा मिनिटे चालवून तेल पुरते तापत नाही, थोडी रस्त्यावर फिरवून आणावी. मग आयडलिंगचा आकडा लिहायचा, वेग हळूहळू वाढवत मधला लिहायचा, आणि पूर्ण वेगाचा लिहायचा. हे तीन आकडे कागदावर, तारीख आणि किलोमीटरसह. इंजिनाच्या पुस्तकातल्या आकड्यांशी ते जुळले, तर इंजिनाला हात लावायचे कारण उरत नाही. गेज किंवा सेन्सर बदला आणि गाडी माल भरायला पाठवा.

आकडे खरोखरच कमी आले, तर ते कसे कमी आहेत यावर पुढची वाट ठरते. आयडलिंगला दाब कमी, पण वेग वाढवला की बऱ्यापैकी चढतो, याचा अर्थ फटी रुंदावल्या आहेत किंवा तेल पातळ झाले आहे. उलट, वेग वाढवला की काटा चढण्याऐवजी खाली येतो किंवा तडफडतो, तेव्हा पंपाला तेल पुरत नाही हे समजावे. चेंबरमधली जाळी गाळाने भरलेली असते, शोषण नळीचे पॅकिंग हवा ओढत असते, किंवा तेलच कमी असते. घाटात हे ठळक दिसते. खंबाटकी उतरताना किंवा तीव्र वळणावर काटा पडतो आणि सपाटीला पुन्हा उभा राहतो, तेव्हा आधी डिपस्टिक काढावी. तेल वरच्या खुणेच्या फार वर भरले असेल तरीही दाब डळमळतो, कारण क्रँक ते तेल घुसळून फेस काढतो आणि पंप तेलाबरोबर हवा ढकलू लागतो. 'थोडे जास्त असलेले बरे' या समजुतीने किती तरी गाड्यांना हा त्रास होतो.

डिपस्टिकवर तेल आपोआप वाढलेले दिसले तर त्यात समाधान मानू नये. गळका नोझल, फीड पंपाचे सील किंवा इंजेक्शन पंपाचे झिजलेले एलिमेंट यांतून डिझेल चेंबरमध्ये उतरते, तेल पातळ होते आणि दाब ओसरतो. त्याची परीक्षा अशी: डिपस्टिकवरचा एक थेंब टीपकागदावर टाका आणि काही तास ठेवा. काजळी मध्यभागी राहते आणि डिझेल असेल तर तिच्याबाहेर फिकट, पारदर्शक कडे पसरत जाते. पाणी उतरल्याचा संशय असेल तर तापलेल्या तव्यावर थेंब टाकला की तडतड ऐकू येते. अशा तेलावर बेअरिंगे नवी टाकली तरी ती फार टिकणार नाहीत. आधी गळती बंद करावी, मग तेल आणि फिल्टर बदलावे, आणि पुन्हा मोजावे.

त्यानंतर रिलीफ व्हॉल्व्ह. कमिन्सच्या या इंजिनात तो फिल्टरच्या डोक्यापाशी असतो. बोल्ट काढला की स्प्रिंग आणि प्लंजर हातात येतो. प्लंजरवर एखादा कचऱ्याचा कण अडकला किंवा ओरखडा पडला की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि तेल वाटेतच परत फिरते. पंधरा मिनिटांत जे पाहता येते, ते अनेक ठिकाणी सगळ्यात शेवटी पाहिले जाते.

एवढे सगळे तपासून झाल्यावरच चेंबर उघडावे. उघडल्यावरही अंदाज नको, बेअरिंगची पाती हातात घेऊन उजेडात पाहावी. नव्या पातीचा पृष्ठभाग करडा, मऊसर दिसतो. तो थर झिजला की खालचा तांबूस रंग उघडा पडतो, आधी पट्ट्यापट्ट्यांनी आणि मग सलग. तांबूस पाती दिसली तर मिस्त्रीचे म्हणणे खरे आहे आणि खर्च करावाच लागेल. क्रँकची गोलाई मायक्रोमीटरने मोजूनच पुढची साइज ठरवावी. मालकाने अशा वेळी गॅरेजमध्ये स्वतः हजर राहावे आणि जुन्या पात्या मागून घ्याव्यात. चांगला मिस्त्री त्या आनंदाने देतो.

काटा वर आणण्याच्या काही युक्त्या मात्र गाडीचा घात करतात आणि त्यांविषयी खुलेपणाने बोलायला हवे. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकून दाब 'वाढवण्याची' युक्ती त्यांतली पहिली. आयडलिंगला दाब कमी असतो तेव्हा तो व्हॉल्व्ह बंदच असतो, त्यामुळे वॉशरने तिथे काडीचाही फरक पडत नाही. फक्त थंड इंजिनात, पूर्ण वेगाला दाब मर्यादेच्या वर जातो आणि फिल्टर व ऑइल कूलरवर ताण येतो. दुसरी युक्ती जास्त घट्ट तेल भरण्याची. त्याने काटा वर दिसतो हे खरे, पण घट्ट तेल सकाळी टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते. झिजलेल्या इंजिनात थोडे दिवस काढायला कोणी जाणूनबुजून असे करत असेल तर तो त्याचा निर्णय. त्याला दुरुस्ती म्हणून बिल लावणे ही फसवणूक आहे.

रस्त्यात काटा एकदम शून्यावर गेला किंवा लाल दिवा पेटला, तर मात्र तर्क करत बसायला वेळ नसतो. गाडी सुरक्षित बाजूला घ्यावी आणि इंजिन लगेच बंद करावे. पुढच्या ढाब्यापर्यंत रेटू नये. मग डिपस्टिक, मग गाडीखाली तेलाचे थारोळे आहे का, मग सेन्सरची वायर. तेल भरपूर आहे, गळती नाही आणि सेन्सरची वायर लोंबकळताना दिसते आहे, असे असेल तरच वायर जोडून काटा आणि दिवा पाहत पुन्हा चालू करून पाहावे. खालून खडखड असा जड आवाज येत असेल तर टोइंगची गाडी बोलवावी. टोइंगचा खर्च क्रँकशाफ्टपेक्षा नेहमीच कमी असतो. मालकांनीही ड्रायव्हरला हे आधीच सांगून ठेवावे की काट्यामुळे गाडी थांबवली म्हणून त्याचा पगार किंवा भत्ता कापला जाणार नाही. माल उशिरा पोहोचल्याची शिक्षा ड्रायव्हरला होत असेल, तर तो काट्याकडे पाहणार नाही, हे उघड आहे.

यात व्यवस्थेचाही वाटा आहे. आयटीआयमधल्या डिझेल मेकॅनिकच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमातून निघणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातून निदान काही जुन्या गाड्यांचा दाब मोजून झालेला असावा, आकडे वाचून निदान लिहून झालेले असावे. वाहतूकदारांच्या संघटनांनी ट्रक टर्मिनलवर मास्टर गेज आणि नेहमीच्या मापांच्या अडॅप्टरचा एक संच ठेवावा, सभासदांना तो मोजायला द्यावा आणि आकडा सही करून लिहून द्यावा. हा खर्च एखाद्या संघटनेच्या वार्षिक सभेच्या जेवणाहून अधिक नाही. असा लेखी आकडा हातात असेल तर मालक आणि गॅरेज यांच्यातले बरेच वाद उभेच राहणार नाहीत.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांना तर हा आकडा सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. विकणारा सहसा सकाळी गाडी दाखवतो, थंड इंजिनावर काटा रुबाबात वर उभा असतो आणि सौदा होतो. घेणाऱ्याने बोनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे का ते पाहावे, गाडी तासभर, जमल्यास माल भरून आणि एखादा चढ घेऊन चालवून बघावी, आणि परत आल्यावर आयडलिंगला मास्टर गेजचा आकडा घ्यावा. विकणारा त्याला नकार देत असेल, तर किंमत ठरवताना इंजिन कामाचा पूर्ण खर्च वजा धरूनच बोलणी करावीत.